‘जेवण कोण वाढतंय ते बघ’ म्हणणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहिलं तर तुम्ही रागवाल, म्हणून नुसतं काका. आपल्या फिल्म क्लबातली मंडळी ओळखतीलच.

एम.ए.च्या प्रकल्पाला मी हॉलिवूडचे लग्नावरचे जुने सिनेमे घेतले, तेव्हा जो तो म्हणाला, सोपा विषय आहे. तुम्ही मात्र म्हणालात, “आधी जेवण कोण वाढतंय ते बघ.” आणि १९६७चा ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ हातात ठेवलात.

गोरी मुलगी कृष्णवर्णीय डॉक्टरला लग्न ठरवूनच घरी आणते. आपण सगळे डॉक्टर झालेल्या सिडनी पॉयटिएकडे बघत बसतो. तुम्ही मला टिलीकडे बघायला लावलंत. टिली म्हणजे घरची कृष्णवर्णीय मोलकरीण, इझाबेल सॅनफर्डने केलेली. गोरे आईबाप मनातल्या मनात चरफडत असताना डॉक्टरला तोंडावर झाडते ती हीच. शेवटी मुलीचा बाप झालेल्या स्पेन्सर ट्रेसीचं लांबलचक भाषण होतं, लग्नाला होकार मिळतो, आणि ट्रेसी विचारतो कुणाला? टिलीलाच. जेवण कधी मिळणार म्हणून! एवढा क्रांतिकारक सिनेमा, पण निर्णय गोऱ्या बापाचा आणि स्वयंपाक टिलीचा. माझं अख्खं पहिलं प्रकरण या एका वाक्यावर उभं राहिलं.

टॅक्सीतल्या चुंबनाशी तुम्ही सिनेमा थांबवलात, तेही आठवतंय. ते आपल्याला दिसतं ड्रायव्हरच्या आरशात. तिथून तुम्ही हेज कोडवर, म्हणजे हॉलिवूडने स्वतःलाच घालून घेतलेल्या सेन्सॉरच्या नियमांवर आलात. १९३४पासून तो कडक लागू झाला आणि गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला बंदी आली. ते कलम १९५६ला गेलं, तरी अकरा वर्षांनंतरही कॅमेरा आरशाआड! सिनेमात डॉक्टरचा बाप मुलाला बजावतो की सोळा-सतरा राज्यांत तुम्ही गुन्हेगार ठराल. चित्रीकरण चाललं होतं तेव्हा ते खरंच होतं. १२ जून १९६७ला लव्हिंग खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर बंदी घालणारे असे कायदे रद्द केले आणि डिसेंबरात सिनेमा लागला तोवर तो संवाद शिळा झाला होता.

‘द गुड अर्थ’चं प्रकरण तर तुमच्याशिवाय मला सापडलंच नसतं. चिनी शेतकरी जोडप्याची गोष्ट, पण नवरा झाला पॉल म्युनी. नायक गोरा नट म्हटल्यावर त्याच्या बायकोच्या भूमिकेसाठी चिनी वंशाच्या अमेरिकन नटीचा, अ‍ॅना मे वाँगचा, विचारच झाला नाही. ती भूमिका गोऱ्या लुईस रायनरला मिळाली, वर ऑस्करही! आणि हॉलिवूडची मिश्रवंशीय नायिका मर्ल ओबेरॉन? आपल्या मुंबईत १९११ साली जन्मलेली, पण आपण ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या असं जन्मभर सांगत राहिलेली. खरं सांगितलं असतं तर तिला नायिकेच्या भूमिका कोण देणार होतं?

१९६४चा ‘नथिंग बट अ मॅन’ तुम्ही मुद्दाम शेवटी दाखवलात. हॉलिवूडच्या बाहेर, तुटपुंज्या पैशांत केलेला. रेल्वेच्या रुळांवर राबणारा कृष्णवर्णीय डफ, त्याची बायको शाळामास्तरीण जोसी, आणि तिच्या बापाचा मान राखत गोऱ्यांपुढे वाकायचं की नोकरी घालवायची यावरून त्यांच्या संसाराला पडणारे ताण. इथे कुणा गोऱ्या सासऱ्याची परवानगी लागत नाही. मला हा सिनेमा पॉयटिएच्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. पॉयटिएचा डॉक्टर फारच गुणी आहे या तुमच्या तक्रारीवर मात्र माझं अजून वेगळं मत आहे. तो गुणी आहे म्हणूनच नकाराला रंगाखेरीज कारण उरत नाही. आपल्याकडे एवढा भारी बायोडेटा आला तरी काही घरांत आधी आडनावच वाचतात, हे तुम्हीच म्हणाला होतात.

प्रकल्प जमा केला. त्यासाठी तुम्ही दिलेल्या डिस्क, रात्री उशिरापर्यंत चाललेले फोन, आणि काकूंच्या हातचं थालीपीठ, सगळ्यांसाठी मनापासून आभार.

अमेरिकन सैनिक आणि जपानी बायकांच्या प्रेमाचा ‘सायोनारा’ अजून माझ्याकडेच आहे. त्यातल्या जपानी नटीसाठी, मियोशी उमेकीसाठी, पुन्हा बघतेय. त्यात मेक्सिकन रिकार्डो मोंतालबान काबुकी या जपानी नाट्यप्रकारातला नट झालाय, त्यावर रविवारी भांडायचंय. डिस्क तेव्हाच आणून देते.

तुमची,
मागच्या रांगेतली