आयसीयूतल्या भ्रमावर कोलेस्टेरॉलची गोळी नको, आधी कानाचं मशीन लावू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या आरोग्य पुरवणीत छोटी बातमी होती की कोलेस्टेरॉलसाठी घेतात त्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी आयसीयूतल्या पेशंटचा डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा भ्रम, टळू शकतो. आमच्या फॅमिली ग्रुपवर ती तीन जणांनी टाकली, कारण पावसाळ्यात आमच्या आबांचं हेच झालं होतं. पण बातमी अर्धीच आहे म्हणून लिहितेय.

आबा ७४ वर्षांचे, न्यूमोनिया झाला, पाच दिवस व्हेंटिलेटर. नळी काढल्यावर वाटलं सुटलो एकदाचे, तर त्याच रात्री त्यांनी सलाईन उपसून टाकलं, मला ओळखेनात, छताकडे बघत "गोठ्यात पाणी शिरलंय, गाय सोड, गाय सोड" एवढंच चालू, आणि गाय विकून आम्हाला वीस वर्षं झालीत. सकाळी गेले तर दोन्ही हात पट्टीने कॉटला बांधलेले. काका म्हणाले डोक्यावर परिणाम झाला, आत्या तर मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला निघाली. हे वेड नव्हे. अंगात इन्फेक्शन, ऑक्सिजन कमी, झोपेची औषधं, रात्रंदिवस जळणारे लाईट, या सगळ्यात मेंदू गोंधळतो, व्हेंटिलेटरवरच्या दहा पेशंटपैकी आठ जणांपर्यंत होऊ शकतं. आणि कित्येक जण ओरडत नाहीत, नुसते गप्प पडून राहतात, आपण म्हणतो बरं झालं शांत झोपलेत, त्यांचा डिलिरियम तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

आता गोळीचं. कल्पना चुकीची नव्हती. मोठ्या आजारात अंगभर जो दाह होतो तो मेंदूलाही भोवतो आणि स्टॅटिनने दाह कमी होतो, शिवाय आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्यांना आयसीयूत भ्रम कमी होतो असं २०१४ च्या सुमाराला पेशंटच्या नोंदींमध्ये दिसलंही होतं. पण नोंदी बघणं वेगळं आणि चिठ्ठी टाकल्यासारखं निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देऊन तपासणं वेगळं. इंग्लंडमध्ये वॉटफर्डच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवरच्या १४२ पेशंटवर तसं केलं, सिमवास्टॅटिन रोज ८० मिलिग्रॅम म्हणजे चांगलाच तगडा डोस, २०१७ ला रिझल्ट छापून आला. पहिल्या १४ दिवसांत शुद्धीत आणि भ्रमाशिवाय गेलेले दिवस सरासरी किती, तर खऱ्या गोळीवाल्यांचे ५.७ आणि दुसऱ्यांचे ६.१. म्हणजे काहीच उपयोग नाही. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत रोसुवास्टॅटिनचंही २७२ पेशंटमध्ये हेच निघालं. आणि २०१८ च्या अमेरिकेतल्या क्रिटिकल केअरच्या गाईडलाईनमध्ये सुचवलंय की डिलिरियम टाळायला स्टॅटिन वापरू नका, आणि बरा करायलाही सरसकट वापरू नका.

आबा तर अँजिओप्लास्टी झाल्यापासून रोज अॅटोरवास्टॅटिन घेतात, तरी झालंच ना. माझा चुलतभाऊ तेव्हा कॉरिडॉरमध्ये मला सांगत होता, डॉक्टरांना म्हण डोस वाढवा. मी विचारलं, डॉक्टरांनी पाच मिनिटं उभं राहून समजावलं, त्यांचे मी आभार मानते. पण कृपा करून कोणी उलट अर्थ काढून घरची गोळी बंद करू नका, ती हार्टसाठी असते, ॲडमिट करताना पेशंट ती घेतो हे सांगायचं, आयसीयूत चालू ठेवायची का ते डॉक्टर ठरवतील.

आमच्याकडे फरक कशाने पडला ते सांगते. तिसऱ्या दिवशी एका सिस्टरने विचारलं, बाबांना ऐकायला कमी येतं का. कानाचं मशीन ॲडमिट करतानाच काढून आमच्या हातात दिलेलं, चष्म्यासोबत, हरवेल म्हणून. ते माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं होतं, बॅटरी उतरलेली. खालच्या मेडिकलमध्ये नव्हती, चौकातल्या दुकानातून आणली, सिस्टरने स्वतः मशीन बसवलं, चष्मा घातला आणि पडदा सरकवून खिडकी दाखवली. आबा बराच वेळ बाहेर बघत राहिले, मग म्हणाले, "वार कोणता गं आज?" एका झटक्यात बरे झाले असं नाही, त्या रात्री पुन्हा गाय सुटली, पण हात सोडले आणि चार दिवसांत माणूस जागेवर आला. अर्थात तोवर इन्फेक्शनही उतरत होतं.

भेटायला आम्हाला दिवसाला दहा मिनिटं मिळायची, तीही काचेच्या दारातून. माझी आयसीयू चालवणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, गर्दी नको हे मान्य, पण घरचं एक माणूस दिवसातून दोनदा अर्धा तास हात धरून बसू द्या, समोर घड्याळ लावा, रात्री लाईट कमी करा, चष्मा आणि कानाचं मशीन पेशंटजवळच ठेवा. आणि संपादक साहेब, त्या बातमीची उरलेली अर्धी बाजू तेवढ्याच जागेत छापा.

आबांच्या फाईलच्या पहिल्या पानावर आम्ही आता लाल पेनने लिहून ठेवलंय, डावा कान, मशीन लावा, बॅटरी ३१२ नंबर.

आपली एक वाचक,
नाशिक