मराठी पुस्तक कपाटात आहे, ओपॅकवर नाही

महोदय,

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून महाविद्यालयांत ग्रंथप्रदर्शने आणि अभिवाचने यांना जोर आला आहे, हे चांगलेच. पण त्याच महाविद्यालयांच्या ग्रंथालयातील संगणकावर, म्हणजे ‘ओपॅक’ या वाचकांसाठीच्या ग्रंथसूचीवर, एखादे मराठी पुस्तक शोधले, तर अनेकदा ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येते आणि पुस्तक मागच्याच कपाटात असते. नोंदी कशा भरल्या आणि सॉफ्टवेअर कसे बसवले, यात हा दोष आहे. तो दुरुस्त करता येतो, म्हणून हे पत्र.

बऱ्याच ठिकाणी संगणकीकरण उरकले गेले ते महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याआधी. नॅकच्या अहवालात सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, वर्ष आणि संगणकीकरण पूर्ण की अंशतः, एवढे विचारले जात आले आहे. मराठी नोंद मराठीत शोधता येते का, हे कोणी विचारत नाही. मग काम कंत्राटावर जाते, पैसे दर नोंदीमागे ठरतात आणि मराठी शीर्षके रोमन लिपीत भरली जातात. त्या लेखनाला धरबंध नसतो. ‘ज्ञान’साठी कोणी डी-एन-वाय लिहितो, कोणी जी-वाय, कोणी जे-एन. मोबाइलवर सर्रास देवनागरी टाइप करणारा विद्यार्थी यातले काहीच टाइप करणार नाही. तरीही रोमन नोंद पुसून टाकू नये. परदेशी विद्यापीठांतील अभ्यासकांना ती लागते. मार्क २१ या ग्रंथनोंदीच्या प्रमाणित आराखड्यातील २४५ या क्षेत्रात देवनागरी शीर्षक आणि त्याला जोडलेल्या ८८० मध्ये रोमन, अशी जोडी ठेवावी. ८८० मधील मजकूर शोधात येतो ना, हे मात्र तपासून घ्यावे.

जुन्या, छपाईसाठीच्या (डीटीपी) फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदींची गत आणखी वाईट. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या रोमन अक्षरांचा कचरा म्हणून दिसतात. त्या युनिकोड या सार्वत्रिक अक्षरसंकेतात बदलणारे रूपांतरक मिळतात, पण त्याच फॉन्टसाठी केलेला हवा, आणि रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी व रफार असलेले शब्द डोळ्यांनी तपासावे लागतात. फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलट. चुका तिथेच होतात.

‘आमचे सगळे युनिकोडमध्येच आहे’ असे सांगणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो: खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त (पाय मोडल्याची खूण) देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे चिन्ह घालून. पडद्यावर फरक दिसत नाही, संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चेही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ मध्ये आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन भागवले जाई आणि त्या पद्धतीच्या नोंदी अजून ग्रंथालयांत आहेत. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण ही रूपे एक करत नाही. त्यासाठी नियम आपणच लिहावा लागतो.

कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आधी पाहावे, की त्यातील झेब्रा या शोधयंत्रणेची शोधसूची सीएचआर पद्धतीवर आहे की आयसीयूवर. देवनागरीसाठी युनिकोड जाणणारी आयसीयूच हवी. झेब्राऐवजी इलास्टिकसर्च ही यंत्रणा असेल तर तिचा आयसीयू प्लगइन (जोडसॉफ्टवेअर). मग शब्द शोधसूचीत कसे जावेत हे ठरवणारी नियमफाइल उघडावी. युरोपीय भाषांतील अक्षरांवरच्या खुणा दुर्लक्षित व्हाव्यात म्हणून ‘नॉनस्पेसिंग मार्क (स्वतंत्र जागा न घेणाऱ्या खुणा) काढून टाका’ असा नियम तिथे असू शकतो. तो देवनागरीला लागला, की काना आणि वेलांट्या राहतात, पण उकार, एक-दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त गळून पडतात. ‘देव’, ‘दैव’ आणि ‘दव’ एकच होतात! ‘देव’ शोधणाऱ्यापुढे मग असंबद्ध निकालांचा ढीग पडतो आणि दोष वाचकाला दिला जातो.

झेडडब्ल्यूजेच्या बाबतीतही अशीच चूक होते. न दिसणारे चिन्ह म्हणून ते सरसकट काढले, तर ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’ होते आणि स्वयंपाकी गुरुजी बनतो. म्हणून ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ या क्रमाचे आधी ‘ऱ, हलन्त’ करावे आणि अशी चिन्हे त्यानंतरच काढावीत. नियम बदलल्यावर संपूर्ण शोधसूची नव्याने बांधायची. ही पायरी विसरली, तर जुन्या नोंदी जुन्याच पद्धतीने शोधल्या जातात आणि ‘बदल करूनही उपयोग नाही’ असे वाटते.

एवढे केले तरी मराठीचा स्वभाव उरतोच. शीर्षकात ‘शेतकऱ्यांचा’ असते, विद्यार्थी ‘शेतकरी’ शोधतो. सॉफ्टवेअरला मराठीची विभक्ती कळत नाही. विषयशीर्षके बहुधा इंग्रजी यादीतून घेतलेली असल्याने तिथूनही मदत होत नाही. उपाय साधा आहे: ६५३ या क्षेत्रात दोन-तीन मराठी विषयशब्द मूळ रूपात भरावेत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांवर ‘साधनें’, ‘पत्रें’ असे अनुस्वार असतात. २४५ मध्ये ते छापल्याप्रमाणे ठेवून २४६ मध्ये आजचे लेखन द्यावे. लेखकाच्या आद्याक्षरांमध्ये जागा सोडायची की नाही, हे एकदाच ठरवून पाळावे. टोपणनावांसाठी अधिकृत नावांची फाइल लागतेच. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम ही एकाच लेखकाची नावे आहेत, हे मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. संगणकाला ते सांगावे लागते.

ही फाइल प्रत्येक महाविद्यालयाने वेगळी करत बसणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठांत ज्ञानस्रोत केंद्रे, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालये, आहेत. त्यांपैकी एकाने मराठी नावांची फाइल आणि आयसीयूचे तपासलेले नियम तयार करून सर्वांना खुले करावेत. राज्य मराठी विकास संस्थेने त्यात लक्ष घालावे. ग्रंथपालाची जागा रिकामी असलेल्या महाविद्यालयांत नियमफाइल उघडायलाही कोणी नसते, तेव्हा तयार फाइल मिळणे हाच तिथला एकमेव मार्ग आहे.

हे होईपर्यंत विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी पूर्ण शीर्षक टाइप करू नये. शीर्षकातला विभक्ती न लागलेला एखादा शब्द आणि लेखकाचे आडनाव पुरते. शब्दाच्या न बदलणाऱ्या भागापुढे तारांकन द्यावे, जसे ‘शेतक*’. तरीही मिळाले नाही, तर ड्यूई वर्गीकरण पद्धतीच्या ग्रंथालयात थेट ८९१.४६ या मराठी साहित्याच्या कपाटाकडे जावे: ८९१.४६१ कविता, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कथा-कादंबरी. आणि न सापडलेला शब्द कसा टाइप केला होता, ते देवघेव विभागात लिहून द्यावे. ‘पुस्तक मिळत नाही’ एवढ्या तक्रारीवरून दुरुस्ती करता येत नाही.

प्राचार्यांना एक विनंती. नोंदी भरण्याच्या पुढच्या कंत्राटात शेवटचा हप्ता चाचणीनंतर द्यावा. कपाटातून कोणतीही पन्नास मराठी पुस्तके काढावीत. ऱ्य, ॲ, रफार आणि जुने अनुस्वार असलेली त्यात मुद्दाम घ्यावीत. ती ग्रंथालयातील संगणकावर आणि मोबाइलवर देवनागरीत शोधावीत. जी सापडणार नाहीत, त्यांच्यासारख्या सगळ्या नोंदी कंत्राटदाराने त्याच पैशात दुरुस्त करून द्याव्यात, हे कामाच्या आदेशातच लिहिलेले असावे.

– एक महाविद्यालयीन ग्रंथपाल