यात डिझाइन कुठे आहे?

चि. लेकीस अनेक आशीर्वाद,

तुझ्या आर्किटेक्चरच्या प्रोजेक्टच्या शीट्स मी तीन वेळा मोठ्या करून पाहिल्या. प्लॅनपेक्षा सेक्शनवर, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या चित्रावर, जास्त रेंगाळलो. ते जुनं गोदाम तू तसंच ठेवलंस, दक्षिणेला एक खोल व्हरांडा जोडलास, आत जिना आणि रॅम्प घातलास आणि गोदामाचं वाचनालय झालं. मला ते फार आवडलं. मग जूरीत, कॉलेजच्या परीक्षकांपुढे, कुणीतरी विचारलं, "यात डिझाइन कुठे आहे?" आणि परवा तू फोनवर म्हणालीस की आता गोदाम काढूनच टाकते, मोकळ्या साइटवर काहीतरी जबरदस्त फॉर्म, म्हणजे डोळ्यांत भरणारा आकार, करते, आजकाल जगात चाललंय तसा. मी "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणून फोन ठेवला. रात्रभर ते वाक्य मला खुपत राहिलं, कारण माझ्या मनात तसं मुळीच नव्हतं.

जगात काय चाललंय, तेच सांगायला बसलोय. मी आर्किटेक्ट नाही, आरसीसीचा, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचा माणूस. तीस वर्षं इतरांनी काढलेल्या रेघा उभ्या करण्यात गेली. पण कोण कुठे काय आणि कशाने बांधतंय, यावर माझा डोळा असतो. आणि मला जे खरोखर नवं वाटतं, ते तुझ्या त्या पहिल्या शीटच्या फार जवळचं आहे.

१९९६ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात चौकांचं सुशोभीकरण चालू होतं. त्यातला लेओं ओकोक नावाचा एक लहानसा चौक आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या आर्किटेक्ट जोडीकडे आला. ते दोघे तिथे जाऊन बसले. कोण कुठल्या बाकावर बसतं, झाडांची सावली कशी पडते, लोक काय खेळतात, हे त्यांनी पाहिलं. तिथे राहणाऱ्यांशी बोलले. आणि मग पालिकेला कळवलं की चौक सुंदरच आहे. खडी बदला, झाडांची निगा नीट राखा, साफसफाई वाढवा, रहदारीत थोडा बदल करा. बाकी काही करू नका. त्या दोघांनी तिथे एकही नवी वस्तू उभी केली नाही, आणि पुढे २०२१ साली त्यांना प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला. तुझ्या परीक्षकांचा प्रश्न त्या चौकात उभं राहून विचारला असता, तर उत्तर मिळालं असतं: जे आहे ते नीट पाहण्यात डिझाइन आहे. हे पाहणं ड्रॉइंगमध्ये दिसत नाही, म्हणून ते दाखवायला फार कष्ट पडतात. तुझ्या शीटमध्ये कमी पडलंय ते तेवढंच.

याच जोडीने फ्रेदेरिक द्रुओ आणि क्रिस्तोफ उतँ यांच्याबरोबर केलेलं बोर्दोचंच ग्राँ पार्कचं काम तू पुन्हा एकदा काढून बघ. १९६० च्या दशकातल्या तीन उंच, रुक्ष इमारती, ५३० घरं. अशा इमारती पाडून टाकण्याची तेव्हा तिथे रीतच पडली होती. या मंडळींनी जुन्या भिंतीबाहेर ३.८ मीटर खोलीचा नवा पट्टा उभा केला, अर्धा काचेच्या आतली बागेसारखी खोली आणि बाहेर बाल्कनी. जुन्या लहान खिडक्या काढून तिथे सरकती काचेची दारं आली. आता त्यातली मला भावलेली गोष्ट ऐक. हा नवा पट्टा जुन्या इमारतीवर लटकवलेला नाही. त्याचे खांब, त्याच्या स्लॅब, सगळं कारखान्यात ओतून आणलेलं आणि स्वतःच्या पायांवर उभं आहे. जुन्या सांगाड्यावर भार टाकला नाही, म्हणून आत फारशी तोडफोड लागली नाही, आणि म्हणूनच कामं चालू असताना माणसं आपापल्या घरात राहू शकली. कुणाचं भाडं वाढलं नाही. आणि तो काचेचा पट्टा थंडीत ऊब धरून ठेवतो, त्यामुळे घर गरम करायला ऊर्जाही कमी लागते. २०१९ चा युरोपीय संघाचा आर्किटेक्चरसाठीचा मीस व्हान डेर रोहे पुरस्कार या कामाला मिळाला. तुझा व्हरांडा त्या पट्ट्याच्याच कुळातला आहे. तू तो मुद्दाम तसा केलास की हाताला आपोआप आला, ते मला माहीत नाही. पण तो बरोबर आलाय.

हे सगळं मला इतकं का लागतं, ते तुला कधी सांगितलं नाही. तू शाळेत होतीस तेव्हा एका तीन मजली इमारतीचा अहवाल लिहायला माझ्याकडे आला होता. मालकांना दोन मजले वाढवायचे होते. वीस वर्षांचीही नव्हती ती. मी पायाचा एकच खड्डा उघडून पाहिला, जुनी ड्रॉइंग्ज मिळेनात म्हणून पुढे शोधली नाहीत, आणि "पाडून नवीन बांधणे सोयीचे" असं लिहून मोकळा झालो. त्यात खोटं काही नव्हतं, सोयीचंच होतं. पाडकाम सुरू झाल्यावर साइटवर गेलो. ब्रेकर काँक्रीटवर आदळत होता आणि काँक्रीट फुटत नव्हतं. एकेका कॉलमला अर्धा दिवस लागत होता. इतकं चांगलं काँक्रीट नंतरच्या नव्या इमारतीतही पडलं नाही. मी तिथे उभा होतो आणि मला कळत होतं की त्या कॉलमांनी दोन मजले आरामात पेलले असते. ते वाक्य मला आज लिहायला दिलं तर मी लिहिणार नाही.

सिमेंट म्हणजे काय हे आम्हाला कॉलेजात शिकवलं, पण एक गोष्ट ठसवून सांगितली नाही. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंशांच्या भट्टीत भाजली की दगडातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टीला उद्या सूर्याची वीज दिली तरी दगडातून सुटणारा वायू सुटणारच, आणि सिमेंट करताना निघणाऱ्या एकूण वायूत निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच असतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठात कॅरन स्क्रिव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी वापरून सिमेंट काढलंय, त्याने हा वायू ४० टक्क्यांपर्यंत कमी होतो. चांगलं काम आहे. पण उभी इमारत पाडायचीच नाही म्हटलं, तर तिच्या जागी नवी बांधायला लागणारं सिमेंट सगळंच वाचतं.

तू म्हणशील, बाबा, मग लाकडाच्या उंच इमारतींचं काय? त्याही नव्याच आहेत. नॉर्वेतल्या ब्रुमुंडालमधलं म्योसटार्नेट २०१९ मध्ये पूर्ण झालं, १८ मजले, ८५.४ मीटर. अमेरिकेत मिलवॉकीचं असेंट २०२२ चं, थोडंसं जास्त उंच. लाकडाच्या जाड तुळयांना आग लागली तर बाहेरचा थर कोळसा होतो आणि तोच आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो, हे गणित करून दाखवता येतं. मला गंमत वाटते ती वेगळीच. म्योसटार्नेटचे वरचे मजले लाकडी सांगाड्यावरच आहेत, पण तिथल्या स्लॅब मात्र काँक्रीटच्या घातल्या, कारण इमारत इतकी हलकी झाली होती की वाऱ्यात जास्त डुलली असती. आम्ही आयुष्यभर वजन कमी करायला झटलो आणि तिथे ते मुद्दाम चढवावं लागलं!

इटलीतल्या मिलानच्या त्या झाडांच्या मनोऱ्यांबद्दल मात्र माझं मन अजून वळत नाही. स्तेफानो बोएरींचं काम आहे, २०१४ चं, बाल्कन्यांमधून शेकडो झाडं. सावली पडते, पक्षी येतात, हे मला मान्य. वाऱ्यात ती झाडं टिकतात का, याच्याही चाचण्या त्यांनी केल्या. पण ओल्या मातीचं वजन मला चांगलं ठाऊक आहे. ते पेलायला बाल्कनीत किती काँक्रीट आणि किती सळई जाते, तेही ठाऊक आहे. त्या एका जागी ते शोभलं असेल. हल्ली मात्र प्रत्येक स्पर्धेच्या चित्रात हिरवे मनोरे दिसतात, तेव्हा पानांआडचा तो स्लॅब मला आधी दिसतो. तुझ्या मैत्रिणीच्या प्रोजेक्टमध्ये ते आहे म्हणून तूही घ्यावंस, असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा फ्रान्सिस केरेंची गांदोची शाळा घे. बुर्किना फासोतलं त्यांचं स्वतःचं गाव. गावातून शाळेत जाणारं पहिलं मूल तेच, आणि जर्मनीत आर्किटेक्चर शिकत असतानाच त्यांनी गावासाठी शाळा बांधली, २००१ मध्ये पूर्ण झाली. शिक्षण पूर्ण व्हायच्या आधी, हे लक्षात घे. गावाला माती नको होती, कारण मातीच्या भिंती पावसात जातात हे सगळ्यांनी पाहिलेलं. केरेंनी मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबाच्या विटा केल्या, छत भिंतींच्या खूप बाहेर काढलं म्हणजे पाऊस भिंतीला लागत नाही, आणि पत्रा वर्गाच्या माथ्यापासून वर उचलला. पत्रा तापतो, पण खालून वारा वाहत राहतो, आणि वर्गातली गरम हवा विटांच्या छतातल्या फटींतून वर निघून जाते. पंखा नाही, एसी नाही. तो पत्रा पेलणारे ट्रस कशाचे आहेत माहीत आहे? स्लॅबमध्ये आपण घालतो त्याच साध्या सळयांचे, गावातल्याच लोकांनी हाताने कापून आणि लहानशा वेल्डिंग मशीनवर जोडलेले. क्रेन तिथे पोचणारच नव्हती, म्हणून एकेक तुकडा माणसांना उचलता येईल असा ठरवला. माझ्या हातून आजवर हजारो टन सळई काँक्रीटमध्ये गाडली गेली. ती अशी उघडी, हलकी, डौलदार दिसू शकते हे मी त्या फोटोंमध्ये पहिल्यांदा पाहिलं.

चिनी आर्किटेक्ट वांग शू यांचं चीनमधल्या निंगबोचं संग्रहालयही बघ, २००८ चं. आजूबाजूची जमीनदोस्त झालेली गावं, त्यांच्याच विटा आणि कौलं गोळा करून भिंती रचल्या. वादळात पडलेल्या घरांचे तुकडे रचून पुन्हा भिंत उभी करायची त्या भागातली जुनी गवंड्यांची रीत होती, तीच. फक्त मला तिथे थोडं दुःखही वाटतं, ती गावं राहिली असती तर बरं झालं असतं.

आणि २०१७ चा नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनचा पीपल्स पॅव्हिलियन, एक तात्पुरता मंडप. ब्युरो एसएलए आणि ओव्हरट्रेडर्स डब्ल्यू या डिझाइन संस्थांनी डिझाइन सप्ताहासाठी उभारला. सगळं सामान उधार आणलेलं. तुळया, काच, पायाचे काँक्रीटचे खांब, सगळं जिथून आणलं तिथे परत द्यायचं, म्हणून करवत चालवायची नाही, भोक पाडायचं नाही, गोंद नाही, स्क्रू नाही. मग सांधे कसे? पोलादी पट्ट्यांनी आवळून. सांध्याचा एकही खिळा नसताना लोकांच्या डोक्यावर छप्पर उभं करायचं, तेही सुरक्षित! मी त्या तपशिलाचं चित्र माझ्या वहीत हाताने काढून ठेवलंय. तू पुढच्या वेळी घरी आलीस की दाखवीन.

आता तुझ्या शीटकडे येतो. ठरवायचं तुलाच आहे आणि तू गोदाम काढलंस तरी मी रागावणार नाही. पण ठेवणार असशील तर जूरीसमोर नुसता शेवटचा प्लॅन लावू नकोस. गोदामाचा आजचा सेक्शन आणि तुझा सेक्शन शेजारी शेजारी लाव, एकाच स्केलला. काय ठेवलं ते एका रंगात, काय जोडलं ते दुसऱ्या रंगात. दुपारी तीनला ऊन कुठवर येतं ते दाखव, व्हरांड्याआधी आणि व्हरांड्यानंतर. गोदाम पाडलं तर किती घनमीटर काँक्रीट आणि वीटकाम ट्रकमध्ये जाईल, आणि तेवढं नवं करायला किती सिमेंट लागेल, हा हिशोब मी करून देतो, पानाच्या कोपऱ्यात तो राहू दे.

तुझ्या सेक्शनमध्ये एक चूकही आहे, ती मला पहिल्याच नजरेत दिसली होती. व्हरांड्याची तुळई तू गोदामाच्या जुन्या भिंतीत खुपसलीस. ती भिंत नऊ इंची वीटकामाची दिसते आणि तिच्या डोक्यावर आधीच ट्रसचा भार आहे. व्हरांड्याला त्याची स्वतःची खांबांची रांग दे, भिंतीपासून हातभर सोडून, आणि मधली फट वरून फक्त झाकून घे. नवा पाया जुन्या पायाच्या अगदी बगलेत खणू नकोस. ट्रसची टोकं भिंतीवर कशी टेकली आहेत त्याचे जवळून फोटो काढून पाठव, आणि जमलं तर एका कॉलमचा पाया अर्धा मीटर उघडून बघायची परवानगी मिळते का विचार. मोजमापं आली की रविवारी बसून सगळं तपासून देतो.

तुझा,
बाबा