सासूबाईंचा तिसरा एडवर्ड

॥ श्री ॥

लिंकन, इंग्लंड
ता. ९ नोव्हेंबर

ती. अण्णांना,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम सुरू केलंत हे वाचून बरं वाटलं. काकूंनी फोनवर जरा वेगळं सांगितलं. जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेत आणि घरातली माणसं ओट्याशी उभ्यानं जेवतात म्हणे. जावईबापूंच्या घराण्याची माहिती चार ओळींत कळव असं तुम्ही लिहिलंय, पण ती चार ओळींत मावायची नाही, कारण इकडेही नेमका हाच उद्योग चाललाय. सासूबाईंनी निवृत्त झाल्यावर आपली वंशावळ शोधायला घेतली आणि मार्चमधल्या एका रविवारी, भाजलेल्या बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवता सरकवता जाहीर केलं की त्या तिसऱ्या एडवर्ड राजाच्या वंशज आहेत. सासऱ्यांची चाळीस वर्षं ओतकामाच्या भट्टीशी गेली. ते म्हणाले, "मग आज भांडी कोण घासणार?"

तिसरा एडवर्ड म्हणजे १३२७ ते १३७७ अशी पन्नास वर्षं राज्य केलेला माणूस. सासूबाईंनी त्याला गाठलं ते घरबसल्या, संगणकावर. तिथे कुणीतरी आधीच जोडून ठेवलेल्या फांद्या आपल्या झाडाला चिकटवता येतात. एकदा एखाद्या सरदाराचं नाव लागलं की पुढे कष्टच नाहीत, बटण दाबत जायचं, राजे येत जातात. त्या शार्लमेनपर्यंत पोचल्या होत्या, म्हणजे इसवी सन ८०० ला सम्राट झालेल्या माणसापर्यंत. मी मात्र सवयीप्रमाणे सालं ताडून पाहिली. ही सवय तुमचीच, लहानपणी तुमच्याशेजारी बसून वंशवृक्षाची प्रुफं वाचताना लागलेली. पंधराव्या शतकातल्या एका बाईंनी स्वतः वारल्यानंतर दोन वर्षांनी मुलीला जन्म दिला होता! सासूबाईंना हे सांगायला मला एक आठवडा लागला. त्या दिवसभर गप्प होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "चल, खरे कागद बघू."

म्हणून मार्चपासून दर गुरुवारी आम्ही दोघी इथल्या अभिलेखागारात जातो. तुम्हाला ती जागा फार आवडेल. पेन आत न्यायचं नाही, फक्त शिसपेन्सिल. दप्तर उघडताना त्याच्या पाठीखाली स्पंजच्या उशा लावायच्या आणि पान उलटू नये म्हणून मण्यांनी भरलेली कापडी माळ त्यावर ठेवायची. मध्येच एखादा वृद्ध गृहस्थ "सापडला!" म्हणून ओरडतो आणि सगळे त्याच्याकडे प्रेमाने बघतात. मोडी वाचताना तुम्ही जसे चष्मा कपाळावर ढकलता, तसा सासूबाईही ढकलतात. इकडच्या जुन्या वळणाला 'सेक्रेटरी हँड' म्हणतात. हीसुद्धा मोडीसारखीच लेखणी न उचलता पळणारी लिपी, त्यातला एच आणि आपला मोडीतला एखादा हट्टी जोडाक्षराचा गुंता यांत मला तरी फरक वाटत नाही.

१८३७ पर्यंत मागे जाणं सोपं असतं, कारण त्या वर्षाच्या जुलैपासून इथे जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. त्याच्या मागे चर्चची दप्तरं. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये फर्मान काढलं की प्रत्येक पाद्रीने गावातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहून ठेवावीत. त्यामुळे शेतमजुरालासुद्धा इथे पणजोबांच्या पणजोबांचं नाव सापडू शकतं. आपल्याकडे ज्याला वतन नाही, इनाम नाही, त्याचं नाव कुठल्या कागदावर येणार?

या दप्तरांत एक खड्डा आहे. सासूबाईंच्या एका पूर्वज जोडप्याचं लग्न एप्रिल १६४० मधलं आणि त्यांच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६४० मधला. सासूबाई कानकोंड्या झाल्या आणि मला म्हणाल्या, "हे तुझ्या काकांना कळवू नकोस." मग टेबलापलीकडच्या अभिलेखपाल बाईंनी हळूच सांगितलं की १७५२ पर्यंत इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६४१ चा, लग्नानंतर चांगला दहा महिन्यांनी. शकात ७८ मिळवून इसवी सन काढताना महिना विसरला की आपलं जे होतं, तेच. सासूबाईंनी परवानगी दिलीय, म्हणून कळवतेय.

१५३८ च्याही मागे जायचं तर मात्र पूर्वजाकडे जमीन असावी लागते. राजाकडून थेट जमीन धरणारा कुणी मेला की चौकशी बसायची, मृताच्या जमिनी कोणत्या, वारस कोण, त्याचं वय किती. वारस लहान असेल तर जमिनीचं उत्पन्न आणि त्याचं लग्न ठरवण्याचा हक्क राजाकडे जायचा, म्हणून वयाला भारी महत्त्व. तो वयात आला की गावातल्या बारा जणांना उभं करून विचारायचे, याचा जन्म कधीचा, तुम्हाला कसं आठवतं? एक म्हणतो, त्याच दिवशी मी घोड्यावरून पडून पाय मोडला. दुसरा म्हणतो, त्याच आठवड्यात मी मुलगा पुरला. मला एकदम आपल्याकडची "पानशेतच्या साली झाला" अशी माणसं आठवली. अभ्यासकांचं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच साक्षी ठराविक साच्याच्या आहेत, इतक्या जणांचे पाय काही एकाच मुहूर्तावर मोडणार नाहीत. तुमचा शाळेच्या दाखल्यावरचा १ जूनचा वाढदिवस तरी कुठे खरा आहे?

आणि मग ते भाट. त्यांना भाट म्हटलेलं इथल्या लोकांना आवडणार नाही, पण राजाच्या दरबारातले हे अधिकारी १५३० पासून पुढची दीडशे वर्षं जिल्ह्याजिल्ह्यात फिरायचे आणि कुलचिन्ह मिरवणाऱ्या प्रत्येक घराला विचारायचे, दाखव तुझी वंशावळ. आपल्याकडे माणूस त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या दारी जातो, इकडे वहीच माणसाच्या दारी यायची. घरातला कर्ता पुरुष सही करायचा, फी भरायची. पुरावा नसेल त्याचं नाव 'हा खानदानी नव्हे' म्हणून बाजाराच्या गावी जाहीर करायचे. विचार करा, आपल्या वाईच्या बाजारात असं कुणी वाचून दाखवलं तर! साहजिकच पुष्कळांनी पणजोबा विकत घेतले. पुढे एकोणिसाव्या शतकात श्रीमंत झालेल्या कारखानदारांनी तर नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं तेव्हा, म्हणजे १०६६ ला, त्यांच्याबरोबर आलेले पूर्वज घाऊक भावाने आणले आणि सरदार घराण्यांच्या जाडजूड छापील सूच्यांत ते जसेच्या तसे उतरले. इतिहासकारांना ती सूत्रं उसवायला पुढची कित्येक वर्षं लागली. हसू नका, आपल्याकडे तरी सूर्यवंशापर्यंत पोचल्याशिवाय किती घराणी थांबलीत?

सासूबाईंच्या घराण्यातला दुवा मात्र भाटांच्या वहीत सापडला नाही, तो एका म्हातारीच्या मृत्युपत्रात सापडला. १६४० ला लग्न झालेली ती मुलगी एका साध्या शेतकऱ्याची बायको. लिंकनशरच्या १६३४ च्या वहीत त्याच नावाची एक मुलगी एका पडत्या काळातल्या सरदार घरात होती, पण त्या गावात त्या नावाच्या दोन मुली होत्या. आम्ही तीन गुरुवार त्यावर घालवले. चौथ्या गुरुवारी त्या सरदाराच्या विधवा आईचं १६४६ चं मृत्युपत्र हाती आलं. नवरा असताना बाईला त्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता यायचं नाही, विधवा झाल्यावर करता यायचं. या बाईंनी ते भरपूर केलंय. कोणाला कोंबड्यांच्या पिसांची गादी, कोणाला चांदीचा चमचा, आणि "माझी नात, अमक्या गावच्या अमक्याची बायको, हिला माझं दोन नंबरचं पितळी पातेलं". एक नंबरचं कुणाला गेलं ते शाई उडाल्यामुळे कळत नाही. सासूबाईंना त्या राजापेक्षा आता त्या पहिल्या पातेल्याचीच जास्त चिंता आहे.

त्या आजीबाई यॉर्कशरच्या एका नाइटच्या लेक, त्याची आई नेव्हिल घराण्यातली, आणि नेव्हिलांची ती शाखा एडवर्डची नात जोन बोफर्ट हिच्यापासून निघालेली. मधली एक पायरी भाटाच्या शब्दावर उभी आहे, तिला दुसरा कागद नाही. सासूबाईंनी तिथे तांबड्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. माझ्या मते हे प्रश्नचिन्ह त्यांच्या वंशावळीतली सगळ्यात अस्सल गोष्ट आहे.

जोन बोफर्ट इथेच आहे, आमच्या कॅथीड्रलमध्ये. घरापासून चढ चढून वीस मिनिटं. एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गाँट याने आपल्या मुलींना सांभाळणाऱ्या कॅथरीन स्विनफोर्डशी कित्येक वर्षं संबंध ठेवले. ती इथून जवळच्या केटलथॉर्पच्या एका नाइटची बायको, पुढे विधवा. त्यांना चार मुलं झाली, आणि मग १३९६ मध्ये याच कॅथीड्रलमध्ये दोघांनी रीतसर लग्न केलं. पोपने आणि पार्लमेंटने मुलांना औरस ठरवलं. त्यातली एकुलती एक मुलगी जोन, तिला नेव्हिलांच्या घरात १४ मुलं झाली. आता माय-लेकींची दगडी थडगी एकापुढे एक आहेत. वरचे पितळी पत्रे सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात सैनिकांनी उपटून नेले. सासूबाई तिथे नुसत्या उभ्या राहिल्या. मी मनातल्या मनात नमस्कार केला, थोरल्या सासूबाईच त्या.

परतताना मी हिशेब केला. एडवर्ड त्यांच्या बाविसाव्या पिढीत येतो. प्रत्येकाला आईबाप दोन, म्हणजे बाविसाव्या पिढीत पूर्वजांच्या जागा ४१,९४,३०४. आणि एडवर्ड वारला तेव्हा, प्लेगनंतर, सगळ्या इंग्लंडची लोकसंख्या साधारण २५ लाख मानतात. जागा जास्त आणि माणसं कमी, म्हणजे तीच माणसं पुन्हा पुन्हा बसवावी लागणार. म्हणून गणिती म्हणतात की इथल्या जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात तो राजा असणारच, शेजारच्या पोस्टमनच्याही. फक्त पोस्टमनच्या आजीने मृत्युपत्र केलं नाही. सासऱ्यांना हे सांगितल्यावर ते फार खूश झाले आणि त्या दिवसापासून चहा मागताना स्वतःला 'महाराज' म्हणतात.

आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते लिहिते. राजा सासूबाईंपर्यंत आला तो कसा? जोनवरून, नेव्हिलांच्या त्या लेकीवरून, पातेलंवाल्या आजीवरून आणि तिच्या नातीवरून. पुरुषांच्या रांगेने शोधत गेलो असतो तर सतराव्या शतकातल्या शेतकऱ्यापाशी रस्ता संपला असता. खुद्द एडवर्डने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला तो आईकडून, ती फ्रेंच राजकन्या होती. फ्रेंचांनी ठरवलं की बाईकडून गादी जात नाही, आणि त्यातून शंभर वर्षांची लढाई पेटली. एडवर्डच्याच वंशातल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला एका वाहनतळाखाली मिळाला, तेव्हाही हेच. त्याची ओळख पटली ती आईकडून लेकरांना मिळणाऱ्या आणि पुढे फक्त लेकींनीच देता येणाऱ्या डीएनएने. रिचर्डच्या बहिणीची लेक, तिची लेक, अशी पाचशे वर्षं उतरलेली ती रेघ लंडनमध्ये फर्निचर बनवणाऱ्या एका गृहस्थापर्यंत बरोबर जुळली. राजाची ओकची शवपेटी त्यानेच घडवली. आणि एडवर्डपासून बापाकडून बापाकडे सलग आलेली म्हणून ज्यांची कागदोपत्री ख्याती होती, त्या पुरुषांची रेघ राजाशी जुळली नाही. कुठेतरी एक बाप नुसता कागदावरचा निघाला.

अण्णा, आपल्या कुलवृत्तांतात अकरा पिढ्या आहेत. अकराव्या पिढीत माझे पूर्वज २०४८, आणि त्यातला एक आपण ओळखतो. पहिल्या आवृत्तीत वरच्या पाच पिढ्यांच्या बायकांपुढे नुसती आडवी रेघ आहे. मुलींपुढे सासरचं आडनाव येतं आणि तिथे फांदी तुटते, जणू आत्यांना मुलं झालीच नाहीत. मी तुमच्या मेहनतीला नावं ठेवत नाहीये, त्या काळी बैलगाडीने गावोगाव फिरलेल्यांनी जे मिळवलं तेवढं मिळवलं. पण या वेळी आत्यांच्या फांद्या पुढे जाऊ द्या. पानं वाढतील, छपाईचा वाढीव खर्च मी पाठवते.

माईआजीपासून सुरुवात करा. पुस्तकात ती 'लक्ष्मी' आहे, पण ते सासरचं नाव. माहेरचं काय होतं? मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "आम्ही तिला आईच म्हणायचो." काकूंना सांगा, माळ्यावर तिच्या लग्नातलं ते मोठं पितळी पातेलं अजून असेल, चिंचेने घासून त्याच्या काठाखाली बघा. तिच्या वडिलांनी त्यावर लेकीचं नाव घालून दिलं होतं असं मला लहानपणी ऐकल्यासारखं आठवतंय.

काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी

ता. क. जावईबापूंच्या चार ओळी वेगळ्या कागदावर पाठवते. त्यात एडवर्ड नाही. सासूबाईंचं म्हणणं, पातेलं घाला.