सोलापूरच्या लक्ष्मी मंडईतल्या भोपळेवाल्या मावशींना मनापासून थँक्यू

मावशी, नमस्कार. मंडईत तुमच्यासमोर उभं राहून नीट बोलता येत नाही, मागचं गिऱ्हाईक घाई करत असतं आणि तुमचा एक हात तराजूवर असतो, म्हणून इथं लिहितेय, नातवाकडून वाचून घ्या. आमच्या घरी आता भोपळा आणि ओट्सच्या कुकीज होतात, त्या मऊ होतात, चवीला झकास होतात, आणि त्यात निम्म्याहून जास्त वाटा तुमचा आहे हे सगळ्यांना कळावं असं मला वाटतं.

मी अर्धा किलो लाल भोपळा मागितला तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "काय करलालीस गं याचं?" एरवी लोक महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांना नाहीतर सांबाराला फोड नेतात, मी म्हणाले बिस्किटं करणार आहे ओव्हनमध्ये. तुम्ही सुरी खाली ठेवली आणि गूळ घालणार का साखर, पीठ कसलं, अंडं घालणार का, सगळं विचारून घेतलंत. मग हातातली फोड बाजूला सारून मागच्या पोत्याआडचा दुसरा भोपळा काढलात, बोटाच्या पेरांनी टकटक केलं, देठ दाखवलात, वाळून लाकडासारखा कडक झालेला. "देठ हिरवा असला की पाणी जास्त, नख रुतलं तर घेऊच नको, आणि गर असा गडद केशरी पाहिजे." कापल्यावर गरावरून माझं बोट फिरवायला लावलंत. हे कुठल्या रेसिपीत लिहिलेलं नसतं हो मावशी, रेसिपीत नुसतं "एक कप पम्पकिन प्युरी" असतं आणि काम संपलं.

आणि खरी गोष्ट तिथंच आहे. या कुकीज मूळच्या अमेरिकेतल्या, तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरोघरी भोपळ्याचं काहीतरी भाजतात, आणि बहुतेक लोक प्युरी डब्यातली विकत आणतात, ती चमचा उभा राहील इतकी घट्ट असते. डब्यात जातो तो भोपळा बहुतांशी डिकिन्सन जातीचा, इलिनॉय राज्यात पिकतो, आणि शास्त्रीय नावाने बघितलं तर तो कुकुर्बिटा मॉस्चाटा, म्हणजे आपल्या बाजारातल्या लाल भोपळ्याच्याच जातकुळीतला. फळ एकाच घराण्यातलं, फरक फक्त पाण्याचा! भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आपण कुकरमध्ये शिजवला की त्यात अजून भर पडते, ते तसंच पिठात गेलं की कुकी राहत नाही, केकचा ओलसर गोळा होतो.

तुम्ही म्हणालात, "घारगे करतेस ना, तसंच कर की. किसून कढईत टाक, चमचाभर तूप, झाकण ठेवू नको, कडा सोडेपर्यंत परत." बस्स. एवढ्या एका वाक्यानं सगळी रेसिपी आपल्या घरची झाली. मी तसंच करते, मध्यम आचेवर हलवत बसायचं, आधी वाफ येते, मग रंग गडद होतो, मग तो कढईच्या मधोमध गोळा व्हायला लागतो आणि उलथनं फिरवलं की तळ स्वच्छ दिसतो, तेव्हा गॅस बंद. अर्धा किलोच्या फोडीचा आटून जेमतेम वाटीभर होतो. पूर्ण गार झाल्याशिवाय पुढं जायचं नाही.

तुम्ही परवा विचारत होता बाकी काय घालते, तर ते पण लिहिते. पाऊण वाटी आटवलेला भोपळा, अर्धी वाटी तूप, पाऊण वाटी गुळाची पावडर एकत्र फेटायचं, त्यात दीड वाटी साधे रोल्ड ओट्स (मसाल्याचे नाही), एक वाटी पीठ, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. मसाला म्हणजे दालचिनी, सुंठ, जायफळ आणि दोन लवंगा कुटून. अंडं लागत नाही, भोपळाच सगळं धरून ठेवतो. पीठ मी अर्धं गव्हाचं आणि अर्धं ज्वारीचं घेते, मंगळवेढ्याची मालदांडी घरात असतेच आणि तिची चव गुळाशी फार छान जाते, पण सगळं ज्वारीचं घेऊ नका, तिला चिकटपणा नसतो, कुकी उचलतानाच भुगा होतो. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवायचं म्हणजे ओट्स उरलासुरला ओलावा पिऊन फुगतात. मग गोळे करून ट्रेवर तळहातानं चपटे करायचे, कारण या कुकीज आपोआप पसरत नाहीत, जशा ठेवल्या तशाच भाजल्या जातात. ओटीजी (घरातला छोटा विजेचा ओव्हन) १८० अंशावर दहा मिनिटं आधी तापवून, मधल्या जाळीवर साधारण पंधरा मिनिटं. कडा तांबूस झाल्या आणि मध्ये बोट लावल्यावर मऊ लागलं तरी काढायच्या, गार होताना त्या बसतात. आणि ओलावा आहे त्यामुळं आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापासून डबा फ्रीजमध्येच.

आता मी हे सगळं का करत होते ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. माझ्या सासऱ्यांचे दात गेलेत, कवळी त्यांना सहन होत नाही. आयुष्यभर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्लेला माणूस, आता खारी पण चहात बुडवून खातात आणि संध्याकाळी सगळे काहीतरी खात बसले की उठून आत जातात, ते बघवत नव्हतं. मला असं काहीतरी हवं होतं जे सगळ्यांच्या ताटलीत सारखंच असेल, त्यांच्यासाठी वेगळं भिजवून आणलेलं नको. या कुकीज ते हातात धरून, न बुडवता खातात. वर नातीला सांगतात, यात भोपळा आहे बरं का, आणि ती भोपळ्याची भाजी बघितली की पळणारी पोरगी, तिलाही खाताना तो जाणवत नाही आणि जाणवला तरी आता तिला चालतं.

मावशी, तुम्ही माझ्याकडून अर्ध्या किलोचेच पैसे घेतलेत, पण दहा मिनिटं गिऱ्हाईकं थांबवून मला शिकवलंत. मी डबा घेऊन आले तेव्हा तुम्ही एक कुकी मोडून नाकाशी धरलीत, खाल्लीत आणि म्हणालात, "जायफळ कमी पडलंय." अगदी बरोबर होतं, आता वाढवलंय. तुमच्या शेजारच्या लिंबूवाल्या काकांनी पण दोन घेतल्या होत्या, त्यांना आवडल्या का ते विचारून ठेवा.

येत्या रविवारी सकाळी येतेय, एक किलो लागेल, सासऱ्यांचे दोन मित्र येणार आहेत आणि त्या दोघांचीही दातांची तीच तऱ्हा आहे. वाळक्या देठाचा एखादा आला तर माझ्यासाठी मागं ठेवा, आणि तुमच्याकरता यावेळी वेगळा डबा आणते, जायफळ वाढवलेला.