बुडालेल्या गावावर लिहायला निघालेल्या लेकीस

सातारा

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एका दमात सगळं सांगून टाकलंस. तिसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटचा प्रोजेक्ट, चौथ्याला सहा क्रेडिटचा, गाइडना पंधरवड्यात सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, हवाय, आणि तुझ्या वहीत ‘कोयना धरणग्रस्तांचा इतिहास’ या शीर्षकाखाली एक ओळही नाही. मग आवाज खाली आणून म्हणालीस की यातूनच पुढे पीएच.डी. करावी, निदान एखादा लेख तरी छापून यावा, असं मनात आहे. हे मनातलं सांगितलंस, फार बरं वाटलं. फोनवर बाबा मधेमधे बोलत होते, म्हणून आज सविस्तर लिहिते.

तुझी धास्ती निम्मी त्या शीर्षकामुळे आहे. धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी कोयनानगरपासून पार तापोळ्यापर्यंत पसरलंय. उठलेली माणसं सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी कुठे कुठे गेली. एवढं सगळं एमएच्या प्रोजेक्टमध्ये कसं बसायचं? तू एकच गाव घे. बामणोलीकडचं, पणजीचं. आणि त्या गावाला एकच प्रश्न विचार: गाव उठलं तेव्हा कोण कुठे गेलं आणि तिथेच का गेलं? एका भावकीतले दोघे वरच्या डोंगरात सरकले, एक घाटाखाली गेला, एक मुंबईला. हे कुणी ठरवलं, सरकारने, सावकाराने की घरातल्या थोरल्याने? एवढ्याचं उत्तर मिळालं तरी खूप झालं.

‘घरचंच लिहिलं तर त्याला संशोधन म्हणतील का?’ असं तू विचारलंस. का नाही म्हणणार? फक्त पहिल्याच पानावर सांगून टाक की हे माझ्या पणजीचं गाव आहे. मग घरात ऐकलेली प्रत्येक गोष्ट, दुसऱ्या कुणाची ऐकली असती तशीच कागदाशी ताडून बघ. आजी म्हणते की आपल्याला मोबदला मिळालाच नाही. तिचं दुःख खरंच आहे, पण भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे जमीन घेताना मोबदला ठरवणारा सरकारी आदेश, काय म्हणतो तेही तुला पाहावं लागेल. दोन्ही जुळलं नाही तर दोन्ही लिही. त्यातलं एक झाकू नकोस, मग ते आजीचं असो की सरकारचं.

कागदांचं मी सांगू शकते, वाचनालयात इतकी वर्षं तेच करते आहे. सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, १८८५ चं आहे, सुधारित १९६३ चं. दोन्ही आमच्याकडे आहेत. १९५१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावागावाची लोकसंख्या मिळते, म्हणजे पाणी येण्याआधी गावात माणसं किती होती ते कळेल. पण ती पुस्तिका ‘सातारा’ नावाखाली शोधू नकोस. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले होते. दक्षिण साताऱ्याचं पुढे १९६० मध्ये सांगली झालं. तेव्हा १९५० च्या दशकातले आपल्याकडचे कागद उत्तर साताऱ्याच्या नावावर आहेत. हे माहीत नसलं की मुलं ‘सातारा’ शोधत बसतात आणि काही मिळत नाही म्हणून हात हलवत परत जातात. निवाड्यांसाठी कलेक्टर ऑफिसच्या पुनर्वसन शाखेत अर्ज करावा लागेल. तो आत्ताच कर, उत्तर यायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात घोळते आहे. धरण १९६४ च्या सुमारास पुरं झालं, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ मध्ये. मग मधल्या काळात आपल्या माणसांना जमीन दिली किंवा नाकारली ती कशाच्या आधारावर? मला वाटतं तुझ्या दुसऱ्या, सहा क्रेडिटच्या प्रोजेक्टचा गाभा इथे आहे. गाइडशी बोल.

आता मुलाखती. पावसात बामणोलीला जायचा हट्ट करू नकोस, लाँचचाही भरवसा नसतो. त्याआधी मुंबई कर. आपल्या भागातली किती माणसं माथाडीत आणि गिरणीत गेली ते तुला ठाऊक आहे. त्यातली म्हातारी मंडळी आज कोपरखैरण्याला, घाटकोपरला आहेत. गावकीची खोली असायची, मंडळ असायचं, मंडळाची वर्गणीची वही असायची. त्या वह्या कुणाच्या माळ्यावर असतील तर माणसांइतक्याच अगत्याने त्यांची चौकशी कर. कोणत्या वर्षी कुणाची वर्गणी थांबली, कुणाचा पत्ता बदलला, हे तिथे लिहिलेलं सापडेल.

साल विचारून उपयोग होत नाही. ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’ असं विचार. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट कुणी विसरलेलं नाही, तिच्या अलीकडचं पलीकडचं सगळे बरोबर सांगतात.

आणि बाळा, रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी परवानगी घे आणि स्पष्ट सांग की मी विद्यार्थिनी आहे, माझ्या हातात जमीन देणं नाही. वही-पेन घेऊन कुणी आलं की या लोकांना अजूनही आशा वाटते. पुण्याची पोरगी आली, आता आपलं काम होईल, असं त्यांच्या मनात आलं आणि तू गप्प राहिलीस, तर ती फसवणूक होईल. ज्यांना नाव नको असेल त्यांचं नाव लिहू नकोस. छापलेली प्रत मात्र प्रत्येकाच्या घरी पोचव.

राहिली लिहिण्याची भीती. मुलाखत झाली की त्याच रात्री उतरवून काढ, दुसऱ्या दिवशी त्यातला बोलण्याचा सूर जातो. प्रस्तावना शेवटी लिही. सुरुवात अशा भागापासून कर ज्याबद्दल तुला आत्ता बोलतं केलं तर तू थांबणार नाहीस. भाषेचं म्हणशील तर मराठीतच लिही. इंग्रजी लेख नंतर करता येईल, त्यासाठी आत्ता अडून राहू नकोस.

प्लेजरिझम रिपोर्टने, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य किती ते दाखवणाऱ्या अहवालाने, इतकी घाबरू नकोस. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यातला मजकूर हे त्या मोजणीत धरतच नाहीत. दुसऱ्याचं वाक्य घेतलंस की त्याच क्षणी तळटीप टाक, म्हणजे शेवटी शोधाशोध नको. तुझ्या मैत्रिणी एआयकडून प्रकरणं लिहून घेतात म्हणालीस आणि आपण मागे पडू अशी तुला काळजी वाटते. मला तशी वाटत नाही. पुनर्वसन शाखेतला निवाडा आणि कोपरखैरण्याची वही एआयने वाचलेली नाही, तू वाचणार आहेस. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोरचे नेमकं त्यावरच विचारतील.

मामाला कालच फोन केला. तो रविवारी तुला कोपरखैरण्याला दोन घरी घेऊन जाईल. आधी कळव, म्हणजे म्हातारी माणसं घरी असतील. बामणोलीला दिवाळीनंतर जाऊ, मी रजा टाकते, आजीलाही बरोबर घेऊ. १९६३ च्या गॅझेटियरमधली पाटण आणि जावळीची पानं झेरॉक्स करून ठेवली आहेत, बाबा पुण्याला येताना आणतील. सिनॉप्सिस जसा असेल तसा, अर्धा असला तरी, शनिवारपर्यंत मला पाठव. आणि मेसचं जेवण आवडत नाही म्हणून रात्री नुसत्या बिस्किटांवर राहू नकोस.

तुझी,
आई