शेवग्याच्या पुडीने वजन भरत नाही : महिला व बाल विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. महिला व बाल विकास मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

अंगणवाडीच्या परसात भाज्या आणि औषधी झाडे लावण्यासाठी केंद्रातल्या आयुष आणि महिला-बाल विकास मंत्रालयांनी 20 सप्टेंबर 2020 रोजी करार केला. शेवगा लावायला कोण नको म्हणेल? आमची हरकत आहे ती त्याच्या पुडीला कुपोषणावरचे औषध म्हणण्याला. वाळल्या पानांच्या एका चमच्यात, म्हणजे 5 ग्रॅममध्ये, जेमतेम 15 किलोकॅलरी असतात. चमचाभर तेलात 45. वजन भरून काढणाऱ्या बाळाला रोज किलोमागे 150 ते 220 लागतात, म्हणजे 6 किलोच्या बाळाला निदान 900. पूड उन्हात वाळवली तर त्यातले अ जीवनसत्त्वाचे द्रव्यही उडते. पाने सावलीत वाळवावीत. पिवळट पूड सरळ परत पाठवावी. त्याहून सोपे म्हणजे मूठभर कोवळी पाने शिजत्या वरणात टाकून वर तेल घालावे. तेलाशिवाय ते जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

बाळगुटीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण आमच्या मराठी घरांतही ती सुटलेली नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको; गुटी सहाणेवर पाण्यातच उगाळतात. जायफळाचा एक वेढा किती, हे सहाण किती खरखरीत आणि हात किती जड यावर ठरते. जास्त झाले की बाळ गुंगते, घरातले सुखावतात आणि दोन वेळा पाजायचे राहते. हिरड्याने जुलाब वाढतात. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.

मग परंपरेतले घ्यायचे काय? मोडाचे पीठ. आजारी, अशक्त मुलाला घट्ट लापशी गिळवत नाही आणि पातळ केली की पोट पाण्याने भरते. मोडाच्या पिठातला पाचक अंश घट्ट लापशीतला स्टार्च तोडतो आणि पाणी न घालता ती पातळ होते. गहू किंवा नाचणी 10-12 तास भिजवावी, पाणी काढून ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस बांधावी, मग खडखडीत वाळवावी. भाजायचे असेल तर ओल जाईपर्यंतच, मंद आचेवर. तांबूस भाजले की पाचक अंश मरतो आणि उरते साधे पीठ. बहुतेकांचे इथेच फसते. लापशी उतरवून थोडी निवली की वाटीला अर्धा चमचा पीठ घालून ढवळावे. दोन-चार मिनिटांत ती सैल पडते. मग पुन्हा एक उकळी द्यावी, कारण मोडाच्या पिठात जंतू असू शकतात. ज्वारीचे मोड मात्र वापरू नयेत. कोंबात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते.

हे सगळे ज्या मुलाला भूक आहे त्याच्यासाठी. दंडघेर 11.5 सेंटीमीटरच्या आत, किंवा दोन्ही पावलांवर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, तर आधी डॉक्टरी तपासणी. त्यात भूक नाही, ताप किंवा जुलाब आहेत, तर थेट पोषण पुनर्वास केंद्र, म्हणजे अतिकुपोषित मुलांना दाखल करून उपचार देणारे केंद्र. तिथे सुरुवातीला जो पातळ आहार देतात त्यात लिटरमागे दूध 300 मिली, साखर 100 ग्रॅम, तेल 20 मिली एवढेच, बाकी पाणी; एकदम भरपेट दिले तर हृदयावर ताण येतो. लोहही पहिल्या आठवड्यात देत नाहीत, कारण जंतुसंसर्ग बळावतो. म्हणून 'रक्त वाढवणारे' मंडूर भस्म, जे लोहाचेच असते, या दिवसांत घातकच.

आपल्याकडे मागणी एवढीच : कोणतीही पूड वाटण्याआधी तिच्यावर तयार केल्याची तारीख आणि शिसे-पाऱ्याच्या तपासणीचा निकाल छापावा, 'औषध' हा शब्द काढावा आणि तोच पैसा आधी तेलाला द्यावा. मोडाच्या पिठाचे प्रात्यक्षिक अंगणवाडी ताईंनी घरातल्या आजीच्या हातून करून घ्यावे. गुटीचा निर्णय तिचाच असतो.

आपले,
इंदूरमधील काही मराठी वैद्य आणि आहारतज्ज्ञ